बेरीज बरोबर आहे

विजेच्या बिलाइतके घरोघरी पोचणारे आणि त्या मानाने इतके कमी वाचले जाणारे लेखन मराठीत दुसरे असेल असे मला वाटत नाही. महिन्यातून एकदा ते दाराच्या फटीतून आत सरकते. कुटुंबातील कर्ता पुरुष त्यावरील रक्कम आणि शेवटची तारीख एवढ्या दोनच गोष्टींवरून नजर फिरवून, कोणाचेही नाव न घेता एखादे वाक्य पुटपुटतो आणि तो कागद खुंटीच्या तारेला टोचून ठेवतो. आणि मग स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, 16 टक्के वीज शुल्क, समायोजित रक्कम, व्याजाची थकबाकी अशी एकाहून एक भारदस्त पदे, आणि त्यांच्या बेरजेतील सुट्या पैशांचा निकाल लावणारे ते 'पूर्णांक देयक', ही सारी मंडळी वाचकाविना त्या तारेवर लोंबकळत राहतात. आमच्या दिघोरीत मात्र या वाङ्मयाला एक रसिक लाभला होता. तो म्हणजे आमच्या समोरच राहणारे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सारा गाव नुसते 'गुरुजी' म्हणतो. बिल हाती येताच ते चष्मा पुसत, तांबड्या पेन्सिलीला टोक काढीत, आणि ग्राहक क्रमांकाच्या बारा आकड्यांपासून तळाच्या बारीक सूचनांपर्यंत ओळन् ओळ अशा काही संशयी मुद्रेने तपाशीत, की ते बिल कोणा उनाड विद्यार्थ्याने शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवून आणले असावे. हा संशय पुढे अक्षरशः खरा ठरला, हे या हकीगतीचे सार आहे. पण ते ठरण्यास काही वर्षे गेली.

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील आमचे गाव सरकारी दप्तरात 'दिघोरी (मोठी)' म्हणून नोंदलेले आहे. नागपूरच्या उमरेड रस्त्यावर आणखी एक दिघोरी असून, पुण्यामुंबईचे नातलग ओळखतात ते तिलाच. त्यामुळे आपल्या नावावर दुसऱ्याचाच लौकिक जमा होण्याची सवय या गावाला आधीपासून आहे. गुरुजींचे घर हा एका जुन्या मालगुजारी वाड्याचा अर्धा भाग. मधोमध भिंत घातलेल्या त्या वाड्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात एक धानाचे व्यापारी राहतात, त्यांना आपण शेटजी म्हणू. दोन्ही घरांना मिळून ओसरी एकच, आणि ओसरीवर सागवानी फळीवर शेजारी शेजारी ठोकलेले दोन मीटर. डावा गुरुजींचा, उजवा शेटजींचा. ही वाटणी इतकी जुनी आणि सर्वमान्य होती, की दिशा जशा बदलत नाहीत तशी तीही बदलणार नाही, अशी उभयतांची श्रद्धा होती.

या दोन घरांतील विजेचा व्यवहार पाहिला असता कोणाही अर्थशास्त्रज्ञाची मती गुंग झाली असती. गुरुजींकडे नऊ वॉटचे मोजके दिवे. एक हजार वॉट एक तास चालले म्हणजे एक युनिट, या न्यायाने असा एक दिवा एकशे अकरा तास जळेल तेव्हा कोठे एक युनिट भरते, हे गणित त्यांनी स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने मांडून ठेवले होते, आणि काकूंनी दिवा मालवला नाही तर तोंडाने काही न बोलता ते नुसते त्या दाराकडे बोट दाखवीत. पाहुणा उठून उभा राहिला की पंखा बंद होई. त्यामुळे त्यांच्याकडे निरोपाचे बोलणे नेहमी घामाघूम अवस्थेत चाले. उलट शेटजींकडे दोन कूलर, शीतकपाट, विहिरीवरचा पंप, कपडे धुण्याचे यंत्र आणि देवघरात दिवसरात्र फिरत राहणाऱ्या रंगीत दिव्यांच्या माळा. असे असता गुरुजींचे बिल तीनशे युनिटांच्या घरात जाई आणि शेटजींचे पस्तीसचाळीसवर थांबे. शेटजी याचे श्रेय देवघराला देत. "श्रद्धेने लावलेला दिवा मीटर मोजत नाही," असे ते म्हणत, आणि त्यांच्यापुरते ते वाक्य शब्दशः खरे होते.

गुरुजींच्या श्रद्धेची जात वेगळी. बिल जास्त येते त्याअर्थी काटकसर कमी पडते, असा त्यांनी आरंभी निष्कर्ष काढला आणि ते अधिकाधिक अंधारात शिरत गेले. प्रथम माजघरातला दिवा गेला, मग न्हाणीघरातला. पुढे पुढे तर सायंकाळी ते ग्रामपंचायतीच्या खांबावरील दिव्याखाली खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचीत बसत. बिल तसूभरही हलले नाही. उन्हाळ्यात ते वाढे, दिवाळीत वाढे, आणि धानाचा पैसा हाती येऊन शेटजींकडे लग्नकार्ये निघाली की तर भलतेच वाढे. या शेवटच्या योगायोगाकडे गुरुजींचे लक्ष जावयास हवे होते, असे कोणी म्हणेल. परंतु परक्याच्या घरातील कूलर मोजणे हे त्यांच्या सभ्यतेत बसत नव्हते, आणि परक्याच्या मीटरकडे निरखून पाहणे हे तर त्यांना परक्याचे पत्र उघडण्याइतकेच गैर वाटे.

अखेर काटकसर थकली तेव्हा त्यांचा संशय यंत्राकडे वळला, आणि मुख्याध्यापकाच्या शिस्तीने त्यांनी मीटर या विषयाचा साद्यंत अभ्यास केला. ओसरीवर बसून तो आम्हांला ऐकावा लागे. एडिसनच्या काळच्या मीटरमध्ये काचेच्या बरणीत, जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवून ठेवलेल्या असत, आणि महिनाअखेर कंपनीचा माणूस येऊन त्या घेऊन जाई व काट्यावर तोलून किती जस्त हलले त्यावर बिल काढी. हे ऐकून शेटजींना विजेविषयी प्रथमच आपुलकी वाटली. वजनावर चालणारा कोणताही धंदा त्यांना प्रामाणिक वाटतो. पुढे 1889 साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील ओटो ब्लाथी याने फिरत्या चकतीचा मीटर आणला, आणि तोच पिढ्यान् पिढ्या आपल्या ओसऱ्यांवर काळ्या डब्यातून गरगरत राहिला. ती चकती निदान डोळ्यांना दिसे, तिच्यावरची तांबडी खूण आली-गेली की माणसाला आपला पैसा कोणत्या वेगाने जातो याचा अंदाज येई, असे गुरुजींचे म्हणणे. आताच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो आणि अशा 3200 लुकलुकी झाल्या म्हणजे एक युनिट. एका रात्री घरातील मेन स्विच पाडून, काळोखात खुर्चीवर बसून, त्यांनी त्या ठिपक्याकडे पाहिले. तो लुकलुकत होता. घरात एक दिवा नाही, एक पंखा नाही, आणि मीटर आपला आनंदाने मोजतो आहे! भिंतीपलीकडे कूलर घरघरत होता, पण तो आवाज आणि हा ठिपका यांचा परस्परसंबंध असू शकेल, ही कल्पना त्या सरळ मनाला शिवली नाही. मीटर स्वयंभू झाला आहे, असा शेरा त्यांनी वहीत नोंदवला.

येथून वीजकचेरीचा अध्याय सुरू होतो. त्या कचेरीचे नाव मी घेत नाही, कारण तिचा यात तसा काही दोष नव्हता, आणि जो थोडा पुढे घडला तो गुरुजींच्याच अर्जांनी तिच्याकडून करवून घेतला. 'सेवेशी सविनय सादर' अशा मायन्याचा पहिला अर्ज पाहून तेथील बाबूने तो दोन्ही हातांनी धरला. असे अक्षर त्याने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. त्याने बिलावर छापलेला मीटरचा फोटो दाखवला. फोटोतला मीटर क्रमांक बिलाशी जुळत होता, आकडा रीडिंगशी जुळत होता, मागील रीडिंग वजा जाता युनिट बरोबर येत होते, आणि नाव तर गुरुजींचेच होते. तपासणीचे शुल्क भरले तेव्हा अॅक्युचेक नावाचे यंत्र घेऊन माणूस आला, त्याने मीटरला चिमटे लावले, आणि मीटर सुस्थितीत असून अचूक मोजतो, असा दाखला दिला. तो खरोखरच अचूक मोजत होता. विदर्भातल्या दगडी कोळशावर कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर येथे जी वीज उत्पन्न होते, ज्यांतील एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट आहे, तिच्यातील कणन् कण त्या मीटरने चोख मोजला होता. फक्त तो कोण खातो एवढे मीटरला माहीत नव्हते, आणि ते माहीत असणे हे मीटरचे कामही नव्हे.

मध्यंतरी 2020 साल आले. टाळेबंदीत रीडिंग घेणारी माणसे फिरकेनाशी झाली, एप्रिल-मेची बिले डिसेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांच्या सरासरीवर निघाली, आणि जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग झाले तेव्हा घरी बसलेल्या महाराष्ट्राने ऐन उन्हाळ्यात जाळलेले सारे युनिट एकदम दारात येऊन उभे राहिले. राज्यभर एकच ओरड झाली. गुरुजींना यात समाधान वाटावयास हवे होते, पण ते मनस्वी दुखावले. इतकी वर्षे एकट्याने निष्ठेने जोपासलेली फर्याद अशी रातोरात सार्वजनिक व्हावी, आणि ज्यांनी आयुष्यात बिलाची दुसरी ओळ वाचली नाही अशा लोकांनी चौकात उभे राहून 'इंधन समायोजन' हा शब्द उच्चारावा, हे त्यांना रुचले नाही. त्या महिन्यात त्यांनी अर्ज केला नाही.

उलगडा झाला तो पुढच्या एका मे महिन्यात, आणि तोही शेटजी सहकुटुंब पुण्याला मुलाकडे गेल्यामुळे. इकडे उन्हाचा पारा पंचेचाळीसला टेकलेला. काकूंनी प्रथमच बंड करून दिवसभर पंखा चालू ठेवलेला. आणि अशा महिन्याचे गुरुजींचे बिल आले ते अवघ्या अकरा युनिटांचे. गुरुजींनी ते तीनदा वाचले. आयुष्यभर बिल जास्त आल्याची तक्रार करणाऱ्या माणसाला बिल कमी आल्याचे दुःख कोणाजवळ मांडावे हे कळेना. तिकडे शेटजींच्या कुलूपबंद घराचे बिल मात्र नेहमीपेक्षा चांगले वीस युनिटांनी फुगले होते, आणि ते दाराच्या फटीतून अर्धे बाहेर राहिल्यामुळे सभ्यतेचा भंग न करताही वाचता येत होते.

डीपीवरचा फ्यूज टाकायला आलेल्या लाइनमनला गुरुजींनी ओसरीवर बोलावले. तो झाडीपट्टीतलाच, हिवाळ्यात रात्ररात्र नाटके पाहून सकाळी खांबावर चढणारा तरुण. त्याने आत जाऊन मेन स्विच खाली केला, बाहेर आला आणि डावा मीटर पाहण्याऐवजी उजव्यापुढे उभा राहिला. उजव्या मीटरचा ठिपका विझला होता. पुन्हा स्विच वर, ठिपका जिवंत. हा प्रयोग त्याने आमच्यासमक्ष करून दाखवला आणि टोपी मागे सारीत म्हणाला, "गुरुजी, करंट बी बराबर हाय जी, अन् मीटर बी बराबर हाय. तुमचं घरच चुकलं हाय."

झाले होते ते इतके साधे, की ऐकून क्षणभर सर्वांना अपमान वाटला. काही वर्षांपूर्वी शेटजींच्या मुलीच्या लग्नात ओसरीला रंग दिला, तेव्हा फळी उतरवली गेली; आणि मीटरातून निघून दोन घरांच्या मेन स्विचांकडे जाणाऱ्या तारा परत जोडताना कोण्या वायरमनने डावीची उजवीला आणि उजवीची डावीला दिली. दिवे लागले, मांडव उजळला, वायरमनने जेवणही केले. त्या दिवसापासून गुरुजी जे जे दिवे मालवीत होते ते ते शेटजींच्या हिताचे होते. दारामागचे ते गणित, न्हाणीघरातला काळोख, खांबाखालचे वाचन ही सारी तपश्चर्या भिंतीपलीकडे रुजू होत होती. आणि शेटजी जो जो कूलर लावीत होते त्याची दक्षिणा गुरुजींच्या निवृत्तिवेतनातून जात होती. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी घरातले होते नव्हते तेवढे सगळे दिवे लावले आणि संध्याकाळ होण्याची वाटही पाहिली नाही.

शेटजी परतल्यावर ओसरीवर जी बैठक झाली तिचा वृत्तान्त कायद्याच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडावा असा आहे. गुरुजींनी महिनेवारी ताळेबंद मांडला आणि 1872 च्या संविदा अधिनियमाच्या कलम 70 चा आधार घेतला: फुकट देण्याचा हेतू नसताना एकाने केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने उपभोगला, तर त्याने भरपाई केली पाहिजे. शेटजींनी कायदा वाचला नव्हता, पण धान्यबाजारात तीस वर्षे काढली होती. ते म्हणाले, "गुरुजी, बिल कमी येते म्हणून मी दुसरा कूलर घेतला. खरे बिल आले असते तर मी तो घेतलाच नसता. म्हणजे हा खर्च माझ्याकडून तुम्ही करवलात." या युक्तिवादाने गुरुजी निमिषमात्र निःशब्द झाले. नंतर त्यांनी विचारले, की याच न्यायाने बिल जास्त येते म्हणून आपण जो अंधार सोसला, त्या अंधाराचा दर काय धरावा? शंभर युनिटांपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा, असे विजेचे टप्पे आहेत, अंधाराचे नाहीत. तीनचार बैठकांनंतर मध्यस्थांनी अशी तोड काढली, की शेटजींनी दर हंगामाला एक पोते चिन्नोर तांदूळ द्यावा, तो किती हंगाम हे कोणी विचारू नये, आणि गुरुजींचे दही उन्हाळ्यात शेटजींच्या शीतकपाटात राहावे. काकूंच्या मते यातील दुसरे कलम अधिक महत्त्वाचे होते.

एवढ्यावर कोणताही व्यवहारी मनुष्य थांबला असता. परंतु तडजोड ही शेजाऱ्यांमधली. दप्तरातले सत्य अजून असत्यच होते, आणि ते तसे ठेवून मरणे गुरुजींना मान्य नव्हते. त्यांनी तपशीलवार कैफियत लिहून कचेरीत नेली. बाबूने ती वाचली, दोन्ही खात्यांचे उतारे काढले, बराच वेळ गणकयंत्र बडवले आणि प्रसन्न मुद्रेने म्हणाला, "गुरुजी, दोघांची मिळून बेरीज बरोबर आहे." ते खरे होते. दोन्ही जोडण्या घरगुती, दर एकच, टप्पे तेच. सरकारला जितके यावयाचे तितके पैपैशाने आले होते. शिवाय मीटरपर्यंत कचेरीची हद्द, मीटरातून बाहेर पडलेली तार ग्राहकाची. चूक हद्दीपलीकडे घडली, तेव्हा ती तेथेच मिटवावी. गुरुजींनी 2003 चा विद्युत अधिनियम पिशवीत आणलाच होता. सतत बिलात न दाखवलेली थकबाकी दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही, हे कलम 56 त्यांनी वाचून दाखवले. बाबूने नम्रपणे विचारले, की येथे थकबाकी कोणाची? कलम 42 खाली ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्यावर नागपूरला विद्युत लोकपाल आहेत, याची गुरुजींनी जाणीव दिली, तेव्हा बाबू म्हणाला, "अवश्य जा जी, पण विरुद्ध पक्षाच्या रकान्यात कोणाचे नाव लिहाल?" एवढे बोलूनही माणूस भला असल्यामुळे त्याने अर्ज ठेवून घेतला, त्यावर आवक क्रमांक घातला आणि योग्य ती तजवीज होईल असे आश्वासन दिले.

तजवीज दोन्हीकडून झाली, हाच घोटाळा. इकडे गुरुजींनी परवानाधारक वायरमन बोलावून ओसरीवरच्या तारा जागच्या जागी आणवल्या. काम अर्ध्या तासाचे, त्यात चहा धरून. आणि तिकडे त्या सुवाच्य अर्जाने खरोखरच कचेरीचे हृदय द्रवल्यामुळे, तो टेबलावरून टेबलावर चढत वरच्या कार्यालयात गेला, तेथे कोणा तत्पर अधिकाऱ्याने 'ग्राहकाची तक्रार रास्त दिसते' असा शेरा मारला, आणि दप्तरात गुरुजींच्या ग्राहक क्रमांकापुढे शेटजींचा मीटर व शेटजींच्या क्रमांकापुढे गुरुजींचा मीटर, अशी दुरुस्ती हुकूमान्वये झाली. तार सुधारली आणि कागदही सुधारला. पुढल्या महिन्यात गुरुजींचे बिल दोनशे नव्वद युनिटांचे आले, आणि ज्या मीटरकडे त्यांनी इतकी वर्षे सभ्यतेपोटी डोळा वर करून पाहिले नव्हते, त्याचा स्वच्छ, आकड्यांसह फोटो त्यांच्याच बिलावर छापलेला होता. शेटजींनी देवघरातल्या माळा, ज्या मध्यंतरी उतरवल्या होत्या, त्या मुकाट्याने परत लावल्या.

नवा अर्ज करावा की नाही यावर ओसरीत खल झाला. गुरुजींनी मसुदा तयार ठेवला होता; त्यात 'पूर्वीच्या दुरुस्तीची दुरुस्ती होऊन मूळ चूक पूर्ववत कायम व्हावी' असे एक वाक्य होते, ते त्यांनी स्वतःच मोठ्याने वाचले आणि पेन्सिल खाली ठेवली. काकू म्हणाल्या, कागद हलवायला सहा महिने लागतात, तार हलवायला अर्धा तास. तेव्हा तारच पुन्हा उलटी करा. शेटजींनी आश्चर्याने का होईना, संमती दिली. दुसऱ्या दिवशी तोच वायरमन आला, डावीची उजवीला आणि उजवीची डावीला देऊन वरूनच खाली वाकला आणि म्हणाला, "गुरुजी, आता स्क्रू आवळून टाकू का जी, का जरासा ढिलाच राहू देऊ?"